शंभर, पन्नास, वीस, दहा

साध्या यंत्रमागावर धोटा मिनिटाला दीडशेच्या आसपास वेळा या टोकाकडून त्या टोकाला जातो. तो दीडेक वीत लांब, लाकडी, होडीच्या आकाराचा असतो. दोन्ही टोकांना पोलादी टोपी आणि पोटात बाण्याच्या सुताची कांडी. मागाच्या बाजूचा दांडका त्याला फटका मारतो, धोटा ताण्याच्या धाग्यांमधून सुसाट जाऊन पलीकडच्या पेटीत आदळतो, आणि तिकडचा दांडका त्याला लगेच परत धाडतो. ताणा सैल पडला, तुटलेला धागा वाटेत आडवा आला किंवा दांडक्याचा पट्टा झिजला, की धोटा वाट सोडून बाहेर उडतो. मागाचा हा भाग मोठ्या माणसाच्या कमरेच्या उंचीला असतो. तिथून वर उसळलेला धोटा मोठ्या माणसाला छातीवर लागेल. दहा वर्षांच्या मुलाला तोच धोटा तोंडावर लागतो.

मागाच्या दुसऱ्या अंगाला मोटर, पट्टा आणि दातेरी चाकं असतात. त्यांवर जाळी बसवता येते, पण जुन्या मागांवर ती क्वचितच दिसते. मागांच्या दोन रांगांमधली वाट इतकी चिंचोळी, की अंग चोरून चालावं लागतं. सैल बाही, ओढणी, गळ्यातला गमछा यांतलं काहीही पट्ट्यात जाऊ शकतं. आवाज शंभर डेसिबलच्या आसपास भरतो. आपल्याकडे कारखान्यात आठ तासांसाठी नव्वद डेसिबलची मर्यादा धरतात. डेसिबलच्या मापात दहाचा फरक म्हणजे ध्वनीची ताकद दसपट, आणि भिवंडीच्या यंत्रमागांवरची पाळी आठ नव्हे, बारा तासांची. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या विणकरांनी या आवाजात ओठांच्या हालचालींवरून बोलणं ओळखायची एक भाषाच तयार केली होती. भिवंडीतही कारागीर एकमेकांशी हातवाऱ्यांनीच बोलतात. कानाची झीज पहिल्या दिवशी कळत नाही. लहानपणी सुरू झालेली ही झीज तिशीत बहिरेपण होऊन समोर येते, तेव्हा कारखाना बदललेला असतो आणि मालकही.

शिवाय कापसाची धूळ. पिंजण आणि कताईच्या खात्यांत ती सर्वांत जास्त असते, विणाईत त्याहून कमी, पण खिडक्या बंद असलेल्या छपराखाली कमी म्हणजे थोडी नव्हे. वर्षानुवर्षं ती छातीत गेली की बिसिनोसिस होतो. सुटीनंतर कामावर आल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटते, हे त्याचं ओळखीचं लक्षण. वाढत्या वयाचं फुप्फुस मोठ्या माणसाच्या फुप्फुसापेक्षा अशा धुळीला अधिक बळी पडतं.

मूल थेट मागावर उभं राहतं असं सहसा होत नाही. ते कांड्या भरतं, रिकाम्या कांड्या गोळा करतं, मागाखाली साचलेला कचरा काढतं, कापडाचे सुटे धागे कापतं, चहा आणतं. चौदा-पंधराव्या वर्षी कुणा काका-मामाच्या बाजूला उभं राहून माग ‘शिकतं’. लहान बोटं नाजूक कामात तरबेज असतात, म्हणून मुलं ठेवतात, असं पूर्वापार सांगितलं जातं. ते खरं नाही. कांडी भरण्यासाठी बोटं लहान असण्याची काहीच गरज नसते. मूल ठेवायचं ते स्वस्त पडतं, उलट बोलत नाही आणि त्याचं नाव कुठल्याही वहीत लिहावं लागत नाही, म्हणून. या प्रकरणात मला या तिसऱ्या कारणाचा माग काढायचा आहे, कारण ते सर्वांत कमी बोललं जातं आणि सर्वांत जास्त काम करतं.

सुरुवात लँकेशायरपासून करावी लागते. तिथल्या सूतगिरण्यांत ‘म्यूल’ नावाचं मोठं कताईयंत्र होतं. त्याचा चाकांवरचा गाडा दर काही सेकंदांनी पुढे यायचा आणि मागे जायचा. गाडा पुढे असेल तेवढ्या वेळात खाली रांगत जाऊन कचरा काढायचा, हे सर्वांत लहान मुलांचं काम. यंत्र थांबवलं जात नसे. त्यांच्याहून थोडी मोठी मुलं तुटलेले धागे जोडत दिवसभर गाड्याबरोबर चालत राहायची. १८०२ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने गिरण्यांतल्या उमेदवार मुलांसाठी पहिला कायदा केला, पण तो पाळला जातो का हे पाहायला पगारी निरीक्षक नेमले नाहीत, आणि कायदा कागदावर राहिला. १८३३ च्या कायद्याने नऊ वर्षांखालच्या मुलांना कापडगिरण्यांत बंदी केली, नऊ ते तेरा वयाच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली, आणि अख्ख्या देशासाठी चार निरीक्षक नेमले. चार फार थोडे होते, तरी खरी सुरुवात झाली ती या चौघांमुळेच.

मग प्रश्न आला वयाचा. इंग्लंडमध्ये जन्माची सरकारी नोंद सुरू झाली १८३७ मध्ये. त्याआधी जन्मलेल्या मुलाचं वय आईबाप सांगतील ते. आईबापांना मजुरी हवी, मालकाला मजूर हवा, त्यामुळे सात वर्षांचं मूल सहज नऊचं व्हायचं. त्याच वर्षी एडविन सॉन्डर्स नावाच्या दंतवैद्याने पार्लमेंटपुढे एक पुस्तिका मांडली. मुलाचे दात हीच वयाची खरी कसोटी, हा तिचा विषय. शेकडो मुलांचे दात तपासून त्याने दाखवून दिलं, की उंचीवरून वय ठरवण्यापेक्षा दातांवरून ठरवलं तर चूक कमी होते. कारण सोपं आहे. उपाशी मुलाची उंची खुंटते, दात मात्र बहुतेक वेळेवरच येतात.

हीच यंत्रं, हेच कामाचे तास आणि वयाची हीच भानगड पंचवीस वर्षांत मुंबईत आली. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला त्यांची गिरणी सुरू झाली. पुढच्या दोन दशकांत परळ, भायखळा भागांत धुराड्यांची रांग उभी राहिली. १८७७ मध्ये सोलापूरला आणि नागपूरला गिरण्या निघाल्या. विजेचे दिवे अजून आलेले नव्हते, म्हणून काम दिसायला लागल्यापासून दिसेनासं होईपर्यंत चालायचं. उन्हाळ्यात दिवस मोठा, तर पाळीही मोठी. मुलं प्रामुख्याने कताईखात्यात असायची. भरलेली बाबीन काढायची, रिकामी चढवायची आणि पुढच्या साच्याकडे धावायचं. बाबीन बदलण्यात गेलेला वेळ मालकाच्या दृष्टीने वाया गेलेला, म्हणून मुलांना सतत घाई. उघडे पट्टे आणि फिरती चाकं यांच्यामध्ये घाईने धावणारं मूल, हे त्या काळच्या गिरणीतलं नेहमीचं दृश्य होतं.

१८७५ मध्ये मुंबई सरकारने चौकशी आयोग नेमला. त्याच्या बहुसंख्य सदस्यांनी कायद्याची गरज नाही असा निर्वाळा दिला. मुंबईतल्या मोजक्या लोकांना ते पटलं नाही. सोराबजी शापुरजी बंगाली यांनी १८७८ मध्ये स्वतः विधेयकाचा मसुदा तयार केला आणि त्यासाठी विलायतेपर्यंत पाठपुरावा केला. लँकेशायरचे गिरणीमालकही हिंदुस्थानात कायदा व्हावा म्हणून मागे लागले होते. त्यांचा हेतू उघड होता: मुंबईचं सूत महाग व्हावं. ते पाहून आपल्याकडची राष्ट्रवादी वर्तमानपत्रं, केसरी आणि मराठासुद्धा, कायद्याच्या विरोधात उभी राहिली. लँकेशायरचा डाव ओळखण्यात त्यांची चूक झाली नव्हती. पण त्या भांडणात सात वर्षांचं मूल कुणाच्या बाजूचं आहे हा प्रश्न मागे पडला, आणि ही गोष्ट त्या पिढीच्या थोर माणसांबद्दल आदर राखूनही लिहिली पाहिजे.

१८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा असा तडजोडीतून निघाला. सात वर्षांखालच्या मुलांना बंदी. सात ते बारा वयाच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त नऊ तास, मध्ये एक तास सुटी, महिन्याला चार दिवस रजा. धोकादायक यंत्रांना कठडे घालायचे, अपघात कळवायचे. मोठ्या माणसांच्या तासांबद्दल एक शब्द नाही. आणि हे सगळं कुठे लागू? यंत्रशक्तीवर चालणाऱ्या आणि शंभर किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या कारखान्यांना. नव्व्याण्णव माणसांच्या कारखान्यातल्या सहा वर्षांच्या मुलाबद्दल कायद्याला काही म्हणायचं नव्हतं.

हा शंभराचा आकडा लक्षात ठेवावा. त्या शंभरातली माणसं मात्र बोलू लागली होती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८० पासून मुंबईतून ‘दीनबंधु’ चालवला. मूळचा तो १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी पुण्यात काढलेला. २३ सप्टेंबर १८८४ रोजी लोखंड्यांनी परळला गिरणी कामगारांची सभा भरवली आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार झाला. त्यात रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती आणि वेळेवर पगार या मागण्या होत्या. आणखी एक मागणी होती, ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा, आणि कायमचा अपंग झाल्यास त्याच्या पोटाची सोय व्हावी. सरकारने नुकसानभरपाईचा कायदा केला तो १९२३ मध्ये, म्हणजे या अर्जानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी. रविवारची सुटी मालकांनी १० जून १८९० रोजी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने किमान वय नऊवर नेलं, नऊ ते चौदा वयाच्या मुलांना सात तासांची मर्यादा घातली, आणि शंभराचा आकडा पन्नासवर आणला.

पळवाटाही याच कायद्यांतून तयार झाल्या. मुलाला दोन नावांनी दोन दाखले काढायचे आणि सकाळी एका गिरणीत, दुपारी दुसऱ्या गिरणीत पाठवायचं, हा प्रकार अहमदाबादेत १९३० च्या सुमारासही चालू होता. १९०५ च्या आसपास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. सूर्यास्त ही मजुराची एकमेव नैसर्गिक सुटी होती, ती गेली. १९११ मध्ये कापडगिरण्यांत पुरुषांना बारा आणि मुलांना सहा तासांची मर्यादा आली. १९२२ मध्ये किमान वय बारा झालं आणि कायदा वीस माणसांच्या कारखान्यापर्यंत खाली आला. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्याने चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात कामाला ठेवायचंच नाही असं ठरवलं, आणि वीज वापरत असाल तर दहा माणसांचाही कारखाना कायद्यात घेतला. संविधानाच्या कलम २४ ने हीच बंदी मूलभूत हक्कांच्या यादीत नेली.

शंभर, पन्नास, वीस, दहा. सदुसष्ट वर्षांत कायदा एवढा खाली उतरला. मुंबईच्या गिरण्यांतून मुलं मात्र त्याही आधी, १९३० पर्यंत बहुतांशी दिसेनाशी झाली होती. तिथे निरीक्षक येत होता, वयाचा दाखला तपासला जात होता, सहा तासांसाठी वेगळी पाळी लावणं मालकाला जिकिरीचं झालं होतं, आणि कोकणातून, घाटावरून आलेली मोठी माणसं दारात रांग लावून उभी होती. मोठ्या माणसांची संघटनाही होती. या सगळ्याने मिळून मुलं बाहेर काढली.

बाहेर काढली म्हणजे कुठे गेली? १९३१ मध्ये शाही मजूर आयोगाचा अहवाल आला. आयोगाला मद्रास इलाख्यातल्या विड्यांच्या आणि अमृतसरच्या गालिच्यांच्या लहान कारखान्यांत अगदी पाच-सहा वर्षांची मुलं सापडली. कायदा जिथे पोहोचत नव्हता तिथे ती होती. त्यानंतरची भिवंडीची गोष्ट याच धाग्याने पुढे जाते.

भिवंडी ही कामवारी नदीकाठची जुनी बाजारपेठ. १८५७ नंतर उत्तरेतून मोमीन विणकरांची घरं दक्षिणेकडे निघाली. त्यांतली काही मालेगावला राहिली, काही भिवंडीत. हातमाग घरात होताच. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात इथे वीज आली आणि तिच्यामागोमाग यंत्रमाग आले, बरेचसे मुंबईच्या गिरण्यांनी काढून टाकलेले. गिरणीला जे यंत्र जुनं झालं ते इथे नवं. पुढे तेलंगणातून पद्मशाली आले; त्यांची वस्ती पद्मानगर-कामतघर भागात. उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशातून एकेकटे पुरुष आले. ते कारखान्याजवळच्या खोल्यांत दाटीने राहू लागले आणि भिशीत, म्हणजे खानावळीत, जेवू लागले. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. गिरण्या बंद होत गेल्या, पण कापडाची मागणी थांबली नाही. ते कापड भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजी विणू लागली.

माग एका मोठ्या छपराखालून हजारो लहान छपरांखाली गेले, आणि यामागे केवळ बाजार नव्हता. पन्नाशीच्या दशकात सरकारने लहान यंत्रमागधारकाला मदत म्हणून चार मागांपर्यंत उत्पादनशुल्क माफ केलं. हेतू चांगला होता. परिणाम असा झाला, की ज्याच्याकडे चोवीस माग होते त्याने ते चार भावाच्या, चार मेहुण्याच्या, चार आईच्या नावावर केले. भिंत एक, वीज एक, मुकादम एक. कागदावर मालक सहा. ही विभागणी एकदा अंगवळणी पडली की शुल्कमाफी राहो वा जावो, कारखाना कायद्यासाठीही ती सोयीची ठरते.

हिशेब करून पाहू. एक कारागीर साधारण सहा साधे माग सांभाळतो असं धरलं, तर चोवीस मागांना एका पाळीत चार कारागीर लागतात. दोन पाळ्यांचे आठ. शिवाय दोन कांडीवाले, तारा भरणारा, वहिफणीवाला, मुकादम, हमाल. १९४८ च्या कायद्यातला दहाचा आकडा केव्हाच ओलांडला. कायद्याने पळवाट ओळखून म्हटलेलंही होतं, की दिवसभरातल्या सगळ्या पाळ्यांची माणसं एकत्र मोजायची. पण सहा मालक असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन-अडीच माणसं येतात, आणि मग तो कारखानाच उरत नाही. मग हजेरीपट नाही, वयाचा दाखला नाही, चाकावर जाळी बसवायची सक्ती नाही, अपघाताची नोंद नाही. तारा भरणारा मजुरीवर फिरता, तो कुणाचाच कामगार नाही. कांडीवाला ठेकेदाराचा. आणि कांडीवाल्याबरोबर आलेलं मूल? ते तर ‘नुसतं आलेलं’.

मुलांना कामाला ठेवण्याविरुद्धचा कायदा माणसं मोजत नाही, हे खरं. १९८६ च्या कायद्यातच कापड विणणं, रंगवणं आणि छापणं ही चौदा वर्षांखालच्या मुलांना बंद असलेली कामं होती. पुढे यादीत यंत्रमाग उद्योग नावानिशी घातला गेला. पण त्याच कायद्यात एक ओळ होती: मालक आपल्या कुटुंबाच्या मदतीने काम करत असेल, तर त्या जागेला ही बंदी लागू नाही. २०१६ च्या दुरुस्तीने चौदाखालच्या मुलाला सगळ्याच कामांत बंदी केली आणि चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोकादायक कामांत. घरच्या धंद्याची सवलत मात्र राहिली, शाळेनंतर आणि सुटीत, काम धोकादायक नसेल तर. कागदावर हे वाजवी दिसतं. शेतकऱ्याच्या मुलीने संध्याकाळी शेळीला चारा घातला तर कोणी तिला मजूर म्हणू नये. पण ज्या गावात माग घराच्या ओट्याला लागून आहे आणि कांड्यांची मजुरी नगावर मिळते, तिथे शाळेनंतरचे चार तास कोण मोजणार? आणि कामाला आलेला पुतण्या आहे की पुतण्या म्हणवलेला, हे कोण ठरवणार?

कुटुंब म्हणून काम घ्यायचं आणि त्यातल्या मुलाचं नाव कुठेच लिहायचं नाही, याचं सर्वांत उघडं रूप शहरात नाही, भिवंडी तालुक्यातल्या वीटभट्ट्यांवर दिसतं. दिवाळीनंतर ठाणे-पालघर-रायगडातली कातकरी कुटुंबं बयाणा घेऊन भट्टीवर येतात आणि पावसाआधी परततात. आठवड्याला खर्चापुरती खावटी मिळते, बाकीचा हिशेब मोसम संपल्यावर. मजुरी हजार विटांवर. वडील चिखल तुडवतात, आई साच्यात विटा पाडते, मुलं पाडलेल्या विटा उलटून उन्हाला लावतात, सुकलेल्या उचलून रचतात. वीट उलटायला जोर लागत नाही, पण दिवसभर वाकून राहावं लागतं. भट्टी लावली की धूर आणि राख. मालकाला विचारलं तर त्याने एकाच माणसाला कामावर ठेवलेलं असतं: बापाला.

या भट्ट्यांवर जे काम झालं ते मात्र मराठी माणसाला माहीत असायला हवं. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेने वेठबिगारीविरुद्ध ठाणे जिल्ह्यात लढे दिले. त्यांच्याच विधायक संसदेने नव्वदच्या दशकात भट्टीवरच शाळा भरवायला सुरुवात केली. भट्टीवरच्या मजुराच्या खोपटाला भोंगा म्हणतात, म्हणून ती भोंगा शाळा. मूल गाव सोडून भट्टीवर येतं, तर शाळेनेही गाव सोडावं, एवढा साधा विचार. नावनोंदणी झाली की मूल कुठल्यातरी वहीत येतं. ते नसलं तर कोणीतरी विचारतं. माझ्या मते भोंगा शाळेने मुळाक्षरांइतकंच महत्त्वाचं हे काम केलं.

मूल सापडल्यावरही वयाचा जुना प्रश्न उभा राहतोच. आजचा कायदा सांगतो, आधी शाळेचा दाखला पाहा, तो नसेल तर नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तर वैद्यकीय चाचणी. या चाचणीत मनगटाच्या, कोपराच्या हाडांची एक्स-रे तपासणी होते, दातही पाहतात. तिचा अंदाज साधारण दोन वर्षं इकडेतिकडे होऊ शकतो. परराज्यातून आलेल्या, शाळेत कधीच न गेलेल्या मुलाच्या बाबतीत तेरा आणि पंधरा यांमधला फरक कधीकधी या दोन वर्षांत विरून जातो. तेरा म्हणजे मालकावर गुन्हा. पंधरा म्हटलं की काम धोकादायक आहे का, हा पुढचा वाद सुरू.

सापडलेल्या मुलाचं पुढे काय, यावर सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर १९९६ रोजी शिवकाशीच्या खटल्यात नेमकं उत्तर दिलं होतं. मालकाने प्रत्येक मुलामागे वीस हजार रुपये भरायचे. सरकारने त्या घरातल्या एका मोठ्या माणसाला काम द्यायचं, ते जमत नसेल तर मुलामागे पाच हजारांची भर घालायची. या निकालातला दंड सर्वांच्या लक्षात राहिला. खरी गोष्ट मात्र मोठ्या माणसाच्या कामाची होती. मुंबईच्या गिरण्यांतून मुलं गेली त्याचं एक कारण तेच होतं. भिवंडीतल्या कारागिराला मजुरी मीटरवर मिळते. सूत महागलं, वीज गेली, मंदी आली, माग बंद राहिले, की मजुरीही बंद. त्या पंधरवड्यात गावाकडे पैसे जाणार नाहीत हे ज्याला आधीच कळतं, तो पुढच्या खेपेला मुलाला बरोबर आणतो. २०११ च्या जनगणनेत पाच ते चौदा वयाची सुमारे एक कोटी एक लाख मुलं देशात काम करताना नोंदली गेली. त्यांतली सव्वासात लाखांहून अधिक महाराष्ट्रात होती. ही फक्त ज्यांच्या घरच्यांनी प्रगणकाला खरं सांगितलं त्यांची संख्या.

आणि याच काळात कायद्याचा आकडा उलटा फिरला. २०१५ मध्ये महाराष्ट्राने कारखाना कायद्यात दुरुस्ती करून वीज वापरणाऱ्या कारखान्यासाठी दहाची मर्यादा वीस केली. २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेने तोच वीसचा आकडा देशभरासाठी घेतला, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. लहान उद्योजकाचा कागदोपत्री त्रास कमी व्हावा, हा त्यामागचा युक्तिवाद. भिवंडीतल्या सहा माग असलेल्या माणसाला कागदांचा त्रास होतो, हे मी नाकारत नाही. पण दहाचा वीस झाल्याने त्याचा धोटा हळू धावू लागला नाही, की पट्ट्याला आपोआप जाळी बसली नाही.

१९४८ च्या कायद्यात कलम ८५ होतं. कारखान्यात माणसं किती हे न पाहता, कुठल्याही जागेला तो कायदा लावायचा अधिकार त्याने राज्य सरकारला दिला होता. अपवाद फक्त घरच्याच माणसांनी चालवलेल्या कामाचा. नव्या संहितेतही धोकादायक किंवा जिवावर बेतू शकेल असं काम चालत असेल, तर एकच कामगार असला तरी अधिसूचना काढून ती लागू करता येते. उघडे पट्टे, शंभर डेसिबल आणि बारा तासांची पाळी असलेलं यंत्रमागाचं छप्पर या वर्णनात बसतं. ते बसतं असं एका पानाच्या अधिसूचनेत लिहिलं, तर भिवंडी परिसरातल्या शांतीनगर, नागाव, नारपोली, काल्हेरच्या प्रत्येक छपराखाली हजेरीपट ठेवावा लागेल, आणि त्या पटात कांडी भरणाऱ्याचं नाव आणि वय लिहावं लागेल.